अनुभव धागा : अरबी समुद्रातली वादळं, तुमच्याकडे काय बदललं?

पूर्वी चक्रीवादळ म्हटलं की ओडिशा नाहीतर आंध्र. 2009 च्या फयाननं आपल्याला हलवलं, पण तेही लोक विसरले. मग 2019 मध्ये एकट्या अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा, पवन अशी पाच वादळं झाली. 2020 ला निसर्ग, 2021 ला तौक्ते. त्या दिवसाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. त्याच्या आधीचं-नंतरचं लिहा. गाव मात्र लिहा.

श्रीवर्धन तालुका
3 जून 2020, दुपार. वारा मध्येच थांबला, लोक बाहेर आले, आणि मग उलट्या बाजूनं आला. माड पडले ते दिसले तरी. आमच्या वाड्या मजल्यांच्या : वर माड, मध्ये पोफळ (सुपारीचं झाड), पोफळीवर मिरवेल, खाली जायफळ. वरचं छप्पर गेल्यावर सावलीत वाढलेल्या पोफळी पश्चिमेच्या उन्हानं करपायला लागल्या. खोड त्या बाजूला पिवळं पडतं, मग तपकिरी, मग भेग जाते आणि पुढच्या एखाद्या पावसाळ्यात साध्या वाऱ्यालाही झाड तिथंच मोडतं. वादळ एका दुपारचं, पडझड पुढची दोन-तीन वर्षं. मदतीचा हिशोब आधी हेक्टरी होता, आणि इथं वाडी गुंठ्यांत! नंतर झाडामागे पैसे मिळाले, पण रोठा जातीच्या सुपारीच्या रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. वडील म्हणतात, आता बुटके माड लाव. लावीन, पण पोफळीला सावली कोण देणार?

हर्णै, दापोली
आमचा मासेमारीचा खरा पैसा नारळी पौर्णिमेनंतरचा, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. 2019 ला क्यार ओमानकडे सरकतंय तोच मागून महा. बोटी जयगडच्या खाडीत. डिझेल भरलेलं, बर्फ वितळतोय, खलाशांचा पगार चालू. दोन्ही वादळं आपल्या किनाऱ्यावर चढलीच नाहीत, त्यामुळे 'नुकसान' कुणाच्या कागदावर नाही. इशारा आता वेळेत येतो हे मात्र कबूल. फयानला कितीतरी बोटी बाहेरच होत्या.

गिरगाव (हल्ली डोंबिवली)
सगळं आत्ताच घडतंय असं नका समजू. नोव्हेंबर 1948 ला मुंबईला वादळानं झोडपलं होतं, आई सांगायची. आणि 1882 च्या वादळात मुंबईत लाखभर माणसं मेली, असा मेसेज नातवानं पाठवलाय.

पुणे, हवामानशास्त्राची विद्यार्थिनी
काका, 1948 चं खरं. 1882 चं सोडून द्या, संशोधकांनी जुनी कागदपत्रं धुंडाळली, असं वादळ झाल्याचा पुरावाच नाही. वादळं पूर्वीही व्हायची. परिस्थिती बदलली आहे. वादळ बांधलं जायला समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंशांच्या वर लागतं. अरबी समुद्र पूर्वी त्या मानानं थंड होता. चार दशकांत त्याचा पृष्ठभाग 1.2 ते 1.4 अंशांनी तापला. दुसरी अट वाऱ्याची. खालचा आणि वरचा वारा वेगवेगळ्या दिशांनी जोरात वाहिला की ढगांचा मनोरा कलतो आणि वादळ विस्कटतं. भर पावसाळ्यात वादळं फारशी होत नाहीत ती यामुळेच. इथल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या अभ्यासात 1982 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढलेली दिसतात, अतितीव्र तर दीडशे टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात उलट किंचित घट. मूळ आकडे लहान आहेत, त्यामुळे टक्केवारी जरा जपूनच वापरा. उपग्रहांच्या आधीची मोजदाद कच्ची, खोल समुद्रात विरलेली किती सुटली असतील कोण जाणे.

मस्कत
इथं 2007 ला गोनू आलं तेव्हा कोरड्या 'वादीं'मधून (एरवी कोरडे असणारे ओढे) गाड्या वाहत गेल्या. ऑक्टोबर 2021 ला शाहीन. ते मुळात बंगालच्या उपसागरातलं गुलाब. आंध्रात चढलं, देश ओलांडून अरबी समुद्रात उतरलं आणि पुन्हा जोर धरून इकडे आलं.

लातूर
वर मस्कतकरांनी लिहिलंय तेच गुलाब आमच्यावरून गेलं. सप्टेंबरअखेर, सोयाबीन काढणीला आलेलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठची शेतं पाण्याखाली. काढून ठेवलेल्या गंजी वाहिल्या, उभ्या शेंगांतून कोंब आले. किनारा इथून कितीतरी लांब, त्यामुळे चक्रीवादळाचा इशारा आपल्यासाठी असतो असं कुणाच्या मनातही आलं नाही. विम्यासाठी 72 तासांत कळवायचं होतं. लाईट नाही, रेंज नाही. कुणी मोबाईल घेऊन टेकडीवर चढलं, त्यांचं कळवून झालं. बाकीच्यांचं राहिलं.