शब्दचर्चा: मूल स्वतःला 'आवरतं' की 'सावरतं'?

शहापूरकरीण

मंडळी, एका शब्दापायी अडलेय. आमच्या बेळगावातल्या गल्लीतल्या बालवाडीसाठी पालकांना वाटायचं चार पानी पत्रक मराठीत करतेय. मूळ मजकूर इंग्रजी आणि कन्नड, दोन्ही हातात आहे. विषय असा की राग, भीती, हिरमोड यातून मूल आपलं आपण बाहेर यायला कसं शिकतं. इंग्रजीत त्याला 'इमोशनल रेग्युलेशन' म्हटलंय. 'भावनिक नियमन' लिहिलं आणि डोळ्यांपुढं वाहतूक पोलीस उभा राहिला. म्हणून सरळ लिहिलं, 'मूल स्वतःला आवरायला कसं शिकतं?'

शनिवारी पालकसभेत वाचून दाखवलं. पुढच्या सतरंजीवरची एक आई लगेच म्हणाली, 'आमची सगळं स्वतःचं स्वतः आवरते की हो. आंघोळ, पावडर, बूट. फक्त वेणी मी घालते.' शेजारची म्हणाली, 'आमचा कुठं आवरतोय! रिक्षावाला हॉर्न मारूलाय, तरी हा चड्डीवरच.' पुढची दहा मिनिटं सभा बुटांच्या नाड्यांवर चालली. मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

कन्नड मजकुरात 'निभायिसु' आहे, म्हणजे आपलं निभावणंच. पण मराठीत निभावलं म्हणजे कसंबसं पार पडलं. मग लिहू काय? सोमवारी छापायला द्यायचंय.

निपाणीनाका

आमच्यातपण आवर म्हणजे उरक. 'आवर की लौकर, एसटी जाईल.' रडं आवर, हात आवर, जीभ आवर, एवढं चालतं. पण नुसतं 'स्वतःला आवर' म्हटलं तर माणूस कंगवाच शोधणार.

जुना_मास्तर

नियमनाला हसू नका, ताई. पोलीस दिसला ते बरंच झालं. चौकातला पोलीस गाड्या बंद करत नाही, कुठली कधी सोडायची ते बघतो. भावनांचंही तेच. दाबलं तर दमन, मुठीत धरलं तर नियंत्रण, वाट करून दिली तर नियमन. इतका नेमका शब्द हाती असताना 'आवर-बिवर' कशाला? शब्द वापरून रुळतात. सावरकरांनी 'महापौर' दिला, 'दिनांक' दिला. आज तुम्ही तेच लिहिता ना?

निपाणीनाका

मास्तर, सावरकर 1950 साली आपल्या हिंडलग्याच्या जेलात होते. तिथल्या वॉर्डरला 'नियमन' म्हणून बघितलं असतं तर कळलं असतं. बाकी 'सावर' तर त्यांच्या नावातच आहे. घ्या की तोच शब्द.

खेळघर

निपाणीकरांनी थट्टेत टाकलाय, पण मी 'सावरणे' खरंच घेईन. रोज तीन ते सहा वर्षांच्या मुलांत असते, म्हणून जरा लांबण लावते.

तान्ह्या बाळाकडं स्वतःची अशी दोन-तीनच हत्यारं असतात. अंगठा चोखायचा, मान वळवायची, नको ते बघायचं नाही. बाकी सगळं दुसऱ्यानं करायचं. कडेवर घ्यायचं, थोपटायचं, खिडकीतला काऊ दाखवायचा. पुढं दीड ते तीन वर्षांच्या आसपास भोकाड सगळ्यात जास्त, कारण काय हवंय ते पक्कं कळतं पण सांगायला शब्द पुरत नाहीत, आणि मेंदूचा कपाळामागचा जो भाग लगाम धरतो तो तर पार पंचविशीपर्यंत पिकत असतो. दोन वर्षांच्या पोराला 'आवर' म्हणणं म्हणजे हातात लगाम नसलेल्याला 'घोडं थांबव' म्हणणं. आधी दुसरं कुणी त्याला सावरतं, एकदा नाही, शेकडो वेळा. मग कधीतरी ते आपलं आपण सावरतं. आई पोराला सावरते, पोर सावरतं. क्रियापद एकच, कर्म तेवढं गळून पडतं. हा क्रम 'नियमन' शब्दात कुठं दिसतो?

आणि मास्तर, दमन नको हे अगदी बरोबर. 'गप. एक शब्द नको' म्हटल्यावर गप झालेलं पोर शांत झालेलं असतंच असं नाही. आवंढा गिळून बसलेलं असतं. त्यापेक्षा 'मनोरा पडला म्हणून चिडलास होय?' म्हणा. रागाला नाव मिळालं की तो जरा उतरतो. मोठ्यांचंही तसंच आहे, हवं तर घरी करून बघा.

कोथरूडस्थित

व्युत्पत्तीच्या अंगानं बघितलं तर आवरणे आणि सावरणे सख्खे भाऊ. आ + वृ, सं + वृ. 'वृ' म्हणजे झाकणे, अडवणे. हिंदीत त्याच 'संवरण'चं 'सँवरना' झालं आणि अर्थ नटणे. म्हणजे तुमच्या सतरंजीवरच्या आईंनी पावडरीपर्यंत नेलं त्यात नवल नाही, हे घराणंच आरशासमोर जाऊन उभं राहणारं आहे. पण सावरणं पडता पडता होतं. तोल गेला, सावरला. पदर ढळला, सावरला. मुळात ढळूच नये म्हणून मूल जे शिकतं त्याला काय म्हणाल?

निपाणीनाका

संयम म्हणा आणि मोकळे व्हा.

खेळघर

संयम म्हटलं की लोकांना तो मार्शमेलोचाच प्रयोग आठवतो. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डला चारेक वर्षांच्या मुलांपुढं एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड गोळी, ठेवली. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. (आपल्याकडं खडेबाजारातला कुंदा ठेवला तर मीसुद्धा थांबणार नाही.) त्यावरून 'थांबलं ते पोर गुणी' असा बोभाटा झाला. पुढं रोचेस्टर विद्यापीठात हाच प्रयोग जरा वेगळा केला, 2013 मध्ये तो छापून आला. मोठ्या माणसानं आधी वचन दिलं, काही मुलांपुढं ते पाळलं, काहींपुढं मोडलं. ज्यांच्यापुढं वचन पाळलं ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांच्यापुढं मोडलं ती तीन. थांबण्यात पोराच्या संयमाइतकाच समोरच्यावरचा भरवसा असतो. म्हणून 'संयम' नको. सगळं ओझं पोराच्या डोक्यावर जातं.

लोंढा_जंक्शन

इथं कुणीच कसं बोललं नाही? आमच्या खानापूर भागात याला सरळ 'समाधान' म्हणतात की. 'पोर रडूलाय, समाधान कर त्याला.' आणि जरा मोठं झालं की त्यालाच, 'समाधान करून घे.' कन्नडात 'समाधान माडु' आणि 'समाधान माडिको'. तो शेवटचा 'को' म्हणजे कोळ्ळु, आपलं आपल्यासाठी करणं. दुसऱ्यानं केलेलं आणि स्वतः केलेलं, दोन्ही एका शब्दात, फक्त शेपूट वेगळं. खेळघरताई सांगतात तोच क्रम. शिवाय तुमचं 'सावरणं'ही कन्नडात आहेच, 'सावरिसिकोंडु एद्द' म्हणजे सावरून उठला. घेणारा कोण आणि देणारा कोण ते मास्तरांनी ठरवावं.

एक बघितलेलं सांगतो. भाचा साडेतीनचा. थोरल्यानं सायकल ओढून घेतली. यानं अंगण डोक्यावर घेतलं. आजी आत चुलीपाशी होती, तिला काही उठता आलं नाही. थोड्या वेळानं आवाज बंद, म्हणून मी डोकावलो. उंबऱ्यावर बसलेला, नाक वाहतंय, स्वतःचाच तळवा छातीवरनं खाली-खाली फिरवतोय आणि पुटपुटतोय, 'झालं, झालं, गेलं.' आजी त्याला निजवताना करते अगदी तसंच. हुंदका आला की हात थांबायचा, मग परत सुरू.

खेळघर

यावर मला दुसरा शब्दच नको. वायगॉट्स्की म्हणून सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ होते, 1934 ला वारले. त्यांचं म्हणणं हेच होतं की आधी दुसरा माणूस बोलतो, मग मूल तेच स्वतःशी मोठ्यानं बोलतं, मग ते बोलणं आत जातं. तुमचा भाचा मधल्या पायरीवर बसलाय.

कोथरूडस्थित

प्रसंग सुंदर, शब्द चूक. मराठीत समाधान मिळतं, वाटतं, मानतात. रडणाऱ्या मुलाचं समाधान करत नाहीत, समजूत काढतात. हा कन्नडचा परिणाम आहे. बोलीत गोड वाटतो, छापील पत्रकात नको.

लोंढा_जंक्शन

मग शंकासमाधान कोण करतं, पुण्यात? आणि तूप, अण्णा, अक्का कन्नडकडून आलेले चालतात, समाधानालाच तेवढा टोलनाका.

जुना_मास्तर

मी शुद्धीवाला, पण इथं लोंढ्याच्या बाजूचा. वेदान्तातली षट्संपत्ती आठवा. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान. त्यातलं समाधान म्हणजे पेढा खाल्ल्यावरचं नव्हे, चित्त नीट जागेवर ठेवणं. सम् + आ + धा. खानापूरची आजी कोथरूडपेक्षा संस्कृतच्या जवळ आहे. तरीही शीर्षकात मी नियमनच घालीन.

कोथरूडस्थित

शंकराचार्यांना बालवाडीत आणलंत. बरं. पण कोल्हापूरहून आलेली सून हे पत्रक वाचेल, तिला काय कळेल?

निपाणीनाका

कोल्हापूरच्या सुना आमच्या घरात तीन आहेत. पहिल्या महिन्यात 'पोरगं रडालंय, बघा' म्हणतात, वर्षात 'समाधान करा' म्हणायला लागतात.

शहापूरकरीण

सगळ्यांचे आभार, पण मी आणखी गोंधळले. काल घरी 'सावरून घेणे' लिहून बघितलं. नवरा म्हणाला, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीवर पांघरूण. तेही खरंच. आता शीर्षकात 'सावरायला' आणि आतल्या मजकुरात आजीच्या तोंडी 'समाधान' घालावं असं मनात आहे. आणि मुलांच्या रडण्याच्या चौकटीत खेळघरताईंचं 'भोकाड' ठेवू का? फार गावठी वाटेल?

जुना_मास्तर

गावठी मुळीच नाही. भोक, त्याचं मोठं रूप भोकाड. रडणाऱ्या पोराचं तोंड बघा.

लोंढा_जंक्शन

मास्तर, भोक नव्हे. कन्नड 'बोगळु', म्हणजे भुंकणे.

जुना_मास्तर

कुत्रं भुंकतं. पोर नव्हे. आणि बोगळुचं भोकाड व्हायला 'ड' कुठून आणलात, लोंढ्याहून?

कोथरूडस्थित

मुळात भोकाड 'पसरतात' का, हा प्रश्न आहे. पसरायला ती काय सतरंजी आहे?

शहापूरकरीण

अहो, शीर्षक! उद्या सोमवार.

निपाणीनाका

थांबा ताई, आधी एवढं भोकाडाचं होऊ दे.