सावकाश जेवायला कसं शिकायचं? (बत्तीस वेळा चावा, हे सोडून सांगा)

कोपरीकर

वय ५३. राहायला ठाणे पूर्वेला, नोकरी महापे एमआयडीसीत, मेंटेनन्सला. माझ्या जेवणाचा वेग सांगायचा तर, बायको माझं ताट वाढून स्वतःचं घेऊन बसते तेव्हा मी ताकभाताला आलेलो असतो. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा येईपर्यंत माझा हात वाळलेला असतो.

सवय कुठून लागली ते ठाऊक आहे. आम्ही चार भावंडं आणि आमटीचं पातेलं एक. पुढे आयटीआयचं हॉस्टेल, तिथे उशिरा येणाऱ्याला नुसता भात. मग कारखाना. जेवणाची सुट्टी अर्धा तास. त्यात हात धुवायची रांग, ताट घ्यायची रांग, ताट ठेवायची रांग. हाताला ग्रीस असेल तर पावडर लावून दोनदा धुवा. उरलेल्या वेळात जे होतं त्याला आम्ही जेवण म्हणतो. रविवारी घरी कसलीही घाई नसते, तरी हात कँटीनच्याच वेगानं चालतो.

आता रात्री आडवं झालं की छातीत जळजळ. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मी दारापाशी पोचल्यावर मागून म्हणाले, "आणि जरा सावकाश जेवत जा." कसं, ते विचारायच्या आत पुढचा पेशंट आत.

करून पाहिलेले उपाय: बत्तीस वेळा चावणं. वरणभात पाचव्यालाच घशाखाली उतरतो, पुढचे सत्तावीस वेळा काय नुसते दात आपटायचे? शिवाय मोजताना बायको काय बोलते ते ऐकू येत नाही. (ती म्हणते, आधीही येत नव्हतं.) मुलीनं आइस्क्रीमचा छोटा चमचा दिला, चमचा दुप्पट वेगानं फिरू लागला, बाकी काही नाही. मोबाइलवर टायमर लावला, तो वाजला तेव्हा मी ताट विसळत होतो.

ज्यांनी खरोखर वेग कमी केलाय त्यांनीच सांगा. "मनापासून जेवा" वगैरे नको.

तलावपाळी_फिरस्ता

चॉपस्टिक्स आणा. वरणभात त्यांनीच खा. महिनाभरात वजनही उतरेल.

गोखले_रोडची_मावशी

फिरस्त्याकडे लक्ष देऊ नका. आमच्या ह्यांना शुगर निघाली तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी हेच सांगितलं होतं, सावकाश जेवा. मी बँकेत कॅश मोजण्यात आयुष्य काढलेली बाई, मला बघायची सवय. चार दिवस ह्यांचं जेवण नुसतं पाहिलं. तोंडाकडे नाही, उजव्या हाताकडे.

घास तोंडात गेला की हात लगेच ताटात. तोंड चावतंय आणि इकडे बोटांनी पोळीचा पुढचा तुकडा मोडला, बटाट्याची फोड त्यात धरली, रस्सा टिपला, चिमटीत घास तयार. तयार घास ओठांपाशी येऊन थांबला की तोंडातला अर्धवट चावलेला निमूट गिळला जातो. घाई सगळी बोटांत होती. दातांना कितीही आकडे शिकवले तरी बोटं ऐकत नव्हती.

डाएटवरच्या लेखांत असतं की दोन घासांच्या मध्ये काटा-चमचा खाली ठेवा. आपण हातानं जेवतो, हात कुठे काढून ठेवणार? म्हणून आमच्याकडे नियम असा केला: तोंड पूर्ण रिकामं झाल्याशिवाय पोळी मोडायची नाही. चावायचं किती ते मोजू नका. तोवर हात ताटाच्या काठाला टेकलेला. सुरुवातीला ह्यांचा हात मांजरासारखा हळूच भाजीकडे सरकायचा, मी नुसती बघायचे की मागे. नंतर बघावं लागलं नाही.

तुकडाही लहान. काही पुरुष चतकोर पोळी एका घासात कोंबतात, तुम्ही त्यातले असणार.

दुसरी गोष्ट वाढण्याची. पूर्वी पंगतीत आधी वरणभात, मग पोळी, मग मसालेभात, मग गोड, शेवटी ताकभात. मधे वाढपी येईपर्यंत हात आपोआप थांबायचा. माझे सासरे ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे. देवाधर्माचं बाजूला ठेवा, पण पहिल्या घासाआधी माणूस थोडा वेळ ताटाकडे बघत बसायचा. आता सगळं एकदम ताटात पडतं आणि माणूस ते साफ करायच्या मागे लागतो. आमच्याकडे भात आता टेबलावर नसतोच, कुकर आत. पोळी संपली की उठायचं, आत जायचं, भात घेऊन यायचं. निम्म्या वेळा हे उठतच नाहीत. फुलके असले तर तव्यावरून एकेक, म्हणजे दुसरा फुगेपर्यंत बसावंच लागतं.

ऐरोलीची_लेक

मावशी, बोटांचं निरीक्षण एकदम पटलं. फुलक्याचं नाही. एकेक गरम फुलका मिळाला की कोणीही सावकाश जेवेल, पण तव्यापाशी कोण उभं आहे?

आमच्या घरात सगळ्यांत भरभर जेवते ती माझी आई. ती शेवटी बसते आणि समोर ओट्यावर भांड्यांचा ढीग दिसत असतो. बसते म्हणायचं एवढंच. कढईला लागलेली भाजी उरलेल्या अर्ध्या पोळीनं पुसून उभ्याउभ्या जेवण आटोपलेलं असतं. ढेकर, जळजळ, सगळं तिलाही आहे, पण तिला "सावकाश जेव" म्हणणारं कोणी नाही, कारण ती जेवताना कोणी पाहिलेलंच नसतं.

आता आम्ही पोळ्या आधी करून डब्यात घालतो आणि सगळे एकदम बसतो. आईची खुर्ची ओट्याकडे पाठ करून ठेवली आहे. मीठ, लोणचं, पाणी जे काही हवं असेल त्याला उठायची पाळी रोज दुसऱ्याची. पोळ्या थोड्या गार लागतात. लागू देत.

गोखले_रोडची_मावशी

खरं आहे गं. आमच्याकडे दोघंच आणि आता तव्यापाशी हे असतात, ते लिहायचं राहिलं. फुगत नाहीत त्यांचे, पण थांबावं मात्र भरपूर लागतं.

दिवाळे_कोळीवाडा

दादा, तुम्ही वरणभातवाले आहात, तिथेच अडचण आहे. वरणभाताला दात लागतात कुठे?

आमच्याकडे बेलापूरला या, चिंबोऱ्यांचं कालवण वाढते. आधी छोटे पाय मोडायचे, टोकाकडून ओढून घ्यायचे. मग नांगी: वरवंट्यानं हलकेच ठेचलेली असते, तरी कवच सोलताना बोट कापायची भीती, त्यामुळे घाई चालतच नाही. आतला गर एवढासा, पण तो काढायला जो वेळ जातो त्यात भात गार होतो. शेवटी मधलं अंग उघडून लाख, म्हणजे आतली गाभोळी, बोटानं चाटायची. चिंबोरी खाताना कोणी मोबाइल धरून दाखवावा.

चिंबोरी रोज नसते, कबूल. मग भिंग घ्या, तुम्ही पाला म्हणत असाल. केसासारखे बारीक काटे. माझी मुलं एरवी वादळासारखी जेवतात, पण ताटात भिंग असली की जिभेनं काटा शोधत गप्प बसतात. काटे मात्र चावून गिळायला जाऊ नका.

(घाईत खायचं असेल तर मांदेली, कुरकुरीत तळून. ती कोणालाच सावकाश खाता येत नाही.)

कळव्याचा_जीपी

कोपरीकर, दारातून सल्ला फेकणाऱ्या डॉक्टरांत मीही आहे. बाहेर वीस माणसं बसलेली असतात.

पोट भरल्याची खबर मेंदूला दोन वाटांनी जाते. जठर ताणलं की व्हेगस नर्व्ह या पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतून, ही लवकर पोचते. दुसरी हॉर्मोन्सची: अन्न लहान आतड्यात उतरू लागलं की सीसीके, मग जीएलपी-वन, पीवायवाय ही हॉर्मोन्स सुटतात. ही पुरेशी वाढून "बास" असं जाणवायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. सध्या वजनासाठी आठवड्याला एक घ्यायची जी इंजेक्शनं गाजतायत ती या जीएलपी-वनचीच नक्कल करतात. तुमचं जेवण ही खबर पोचायच्या आत संपतं, म्हणून शेवटची पोळी भुकेनं नाही, सवयीनं जाते.

जळजळीचं: जठर एकदम फुगलं की अन्ननलिकेच्या खालची झडप मधूनमधून सैल पडते आणि आम्ल वर येतं. भराभर गिळताना हवाही पोटात जाते, तेच ते ढेकर. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. उशा चढवून मान वाकडी करू नका, पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर ठेवा. आणि दाढा शाबूत आहेत का ते बघा. मागच्या दोन-तीन दाढा काढलेल्या माणसाला मी चावायला सांगतो आणि तो बिचारा हो म्हणतो.

चावण्याच्या बाबतीत होरेस फ्लेचर (१८४९–१९१९) या अमेरिकन गृहस्थानं कहर केला होता. घास तोंडात पाणी होईपर्यंत चावा, असा त्याचा प्रचार. पेशानं व्यापारी, डॉक्टर नव्हे. लोकांनी काही वर्षं चावलं आणि सोडून दिलं.

सानपाड्याचा_वैद्य

जीपीसाहेबांना पूरक. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात "नातिद्रुतं नातिविलम्बितम्" आहे, म्हणजे फार भरभर नको, तसंच फार रेंगाळतही नको. रेंगाळण्याचे तोटेही दिलेत: तृप्ती होत नाही, खाणं जास्त होतं, अन्न गार होतं, पचन बिघडतं. मालिका लावून तासभर ताट घेऊन बसणाऱ्यांनी हे वाचावं. त्याच वाक्यात पुढे न बोलता, न हसता जेवा असंही आहे. ते आमच्या घरात आजवर कोणाला जमलेलं नाही.

रबाळे_सेकंड_शिफ्ट

सगळं छान, पण कँटीनचं काय? मीही एमआयडीसीवालाच. १९४८ च्या कारखाना कायद्यात सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. "किमान" हा शब्द कोणाला दिसला नाही, अर्धा तास सगळ्यांना दिसला. रांगा त्याच अर्ध्या तासात.

मी रांगाच कमी केल्या. घरचा डबा, म्हणजे दोन रांगा गेल्या. डब्याचे दोन भाग केले. सुट्टीत भाकरी, उसळ, कांदा. भात आणायचाच नाही, भात वेळ वाचवतो आणि इथे वेळ वाचवायचाच नाहीये. ज्वारीची सकाळची भाकरी दुपारी चावावीच लागते, मोडाची मटकी पण. दुसरा भाग, गाजर-काकडी आणि मूठभर भाजलेले चणे, चहाच्या सुट्टीला. पुढे तीन तास काही मिळणार नाही ही भीती गेली की निम्मी घाई जाते. माझी तरी गेली.

शक्यतो फोरमनच्या टेबलावर बसू नका. तो उठला की सगळे उठतात.

कोपरीकर

सगळ्यांचे आभार. मावशींचा प्रयोग काल रात्रीच केला. बायकोला म्हटलं, माझ्या हाताकडे बघ. ती म्हणाली, "मग मी जेवू कधी?" तरी पाहिलं तिनं. तुम्ही लिहिलंय अगदी तसंच, चतकोराचा घाससुद्धा. हात काठाला टेकवून बसणं फार विचित्र वाटतं, कामावर कोणी हत्यार काढून घेतल्यावर वाटतं तसं. पण मी भातावर आलो तेव्हा ती पोळीवर होती, एवढा फरक पडला.

ऐरोलीच्या ताईंचं वाचून दाखवलं. त्यावर बराच वेळ बोलणं झालं, ते इथे लिहीत नाही. रविवारचा तवा माझ्याकडे आलाय.

उद्यापासून भाकरीचा डबा. चिंबोऱ्या बायको आणू देणार नाही, तिच्याकडे चातुर्मास आहे.

जीपीसाहेब, एक विचारायचं राहिलं. सुक्या पोळीचा घास कधीकधी छातीच्या मधोमध अडकल्यासारखा होतो, पाणी पिऊन ढकलावा लागतो. हे भरभर गिळण्यामुळेच ना? सावकाश जेवल्यावर जाईल?

कळव्याचा_जीपी

हे आधी लिहायला हवं होतं. किती दिवस होतंय? आधी फक्त पोळी-भाकरीला आणि आता मऊ खाण्यालाही असं झालंय का? वजन उतरलंय? ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्यांना हे सांगितलंत का?

घाईनं गिळल्यामुळे घास अडकू शकतो, पण तुमच्या वयात, आधीच जळजळ असताना, तसं गृहीत धरायचं नाही. वारंवार आम्ल वर येऊन अन्ननलिका अरुंद होते, इतरही कारणं असतात. एंडोस्कोपी करून, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून, बघावं लागतं. सकाळी उपाशीपोटी जायचं, तपासणी थोड्या वेळाची असते, भूल दिली तर सोबत कोणीतरी न्या. तोवर भाकरीचा प्रयोग थांबवा, मऊ जेवा.

कोपरीकर

सहा-सात महिने झाले असतील. फक्त कोरड्या खाण्याला. वजनाचं माहीत नाही, पट्टा एक भोक आत गेलाय, मला वाटलं चालण्यामुळे.

डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. मुलीनं आत्ताच पोटाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. बायको सोबत येतेय. रबाळेकर, भाकरीचा डबा सध्या तहकूब.