लहानपणीचा आवडता पदार्थ मोठेपणी पुन्हा खाल्लात का? अनुभव लिहा

लहानपणी ज्यावर तुटून पडायचो, तो पदार्थ आता खाल्ल्यावर चव तीच लागली का? नसेल तर काय बदललं होतं? सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

माझा जीव खरवसावर. पुण्यात विकत आणलेला खरवस मऊ असायचा, गोडही असायचा, पण दाताखाली काही लागायचंच नाही. बऱ्याच ठिकाणी चायना ग्रास घालून नुसतं दूध थिजवतात. यंदा मामाकडे गाय व्यायली. वासराला आधी पोटभर पिऊ दिलं आणि उरलेला पहिल्या दिवसाचा चीक मामीने काढून ठेवला. पिवळाजर्द, दाट. त्यात दुप्पट दूध, चिरलेला गूळ, वेलची, जायफळ. कुकरची शिट्टी काढून डबा वाफेवर ठेवला. चिकातली प्रथिनं वाफेने आपोआप धरतात, वेगळं काही घालावं लागत नाही. सुरी फिरवली तर कापलेल्या कडेला बारीक जाळी आणि तिच्यात गुळाचं तांबूस पाणी. हुबेहूब तीच चव! मला भरून आलं.

*

आम्ही करवीर तालुक्यातले. शाळा सुटली की गुऱ्हाळ गाठायचं. काहिलीत रस उकळायला लागला की रानभेंडीचं पाणी पडायचं, मळी वर यायची, ती काढून टाकायची. गुळव्या मामा वाफ्यातला गरम गूळ उसाच्या कांडक्यावर गुंडाळून हातात द्यायचे. फुंकर मारायलाही दम निघायचा नाही. मागच्या हंगामात मुलांना घेऊन गेलो. गूळ पिवळाधमक, पण नुसता गोड. रंग यावा म्हणून हायड्रोस पावडर टाकतात, कारण सौद्यात भाव पिवळ्या ढेपेला. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गुळाची ही गत बघून जीव तुटतो. शेजारच्या गावात एकजण अजून फक्त भेंडीवर गूळ करतात. काळसर, किंचित खारट, खमंग. तिथे सापडली चव. गिऱ्हाइकानेच काळा गूळ मागितला पाहिजे, दुसरा उपाय नाही.

*

माझी पान पसंद. रावळगावच्या गोळ्यांचे ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्सने २७ कोटींना घेतल्याचं वाचलं आणि आठवण उसळून आली. शोधून पाकीट आणलं. गोळी छान लागली. आजोबा जेवणानंतर स्वतः पान खायचे आणि मला ही गोळी द्यायचे, म्हणून मीही जेवण होईपर्यंत थांबले.

*

खरवसवाल्या ताई, आमचा दूधवाला तिसऱ्या दिवसाचा चीक देतो म्हणतोय. दूध किती घालू? आईला करून घालायचाय, तिने कित्येक वर्षांत खाल्लेला नाही.

*

तिसऱ्या दिवसाचा असेल तर दूध अजिबात घालू नका, धरणार नाही. आधी वाटीभर वाफवून बघा. नीट धरला तरच बाकीचा लावा. गूळ चिरून पूर्ण विरघळू द्या, नाहीतर तळाशी बसतो. काकूंना कसा वाटला ते नक्की कळवा.