अनुभव धागा: गाडीला साधं ऑइल की सिंथेटिक?

जळगाव (धागा काढणारा)

गेल्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला नेली. २०१४ ची डिझेल सेदान, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. मेकॅनिक म्हणतो, "जळगावच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, साधं १५डब्ल्यू-४० टाका." मुलगा पुण्याहून फोनवर, "पप्पा, फुल सिंथेटिकशिवाय काही टाकू नका." आणि गाडीच्या पुस्तकात, जे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा उघडलं, ५डब्ल्यू-३० लिहिलंय. ऑइल सोडायचा खालचा बोल्ट अजून खोललेला नव्हता, म्हणून गाडी तशीच घरी आणली.

तर मंडळी, लिहा. जाहिरातीतलं नको. गाडी किती चालते, काय टाकलं आणि डोळ्यांनी काय दिसलं, तेवढंच. चूक झाली असेल तर ती आधी सांगा.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

उन्हाबद्दल बोलायचा पहिला हक्क भुसावळकराचा, म्हणून मीच सुरुवात करतो.

आधी आकडे. डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंशांतही स्टार्टर इंजिन फिरवू शकेल इतकं पातळ. १५डब्ल्यूची हीच मर्यादा उणे २०. आपल्याकडे पारा आठ-नऊवर आला की शेकोट्या पेटतात, तेव्हा पहिल्या आकड्यासाठी खान्देशात फार भांडायचं कारण नाही. सकाळच्या पहिल्या स्टार्टला ५डब्ल्यू वर लवकर चढतं, एवढा फायदा मात्र इथेही मिळतो. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा. आता मेकॅनिकचं ऊन घ्या. बाहेर ४६ असो की १२, थर्मोस्टॅट कूलंटला नव्वदच्या आसपास धरून ठेवतो आणि ऑइल साधारण त्याच्या थोडं वर असतं. इंजिनाच्या आत मे आणि डिसेंबर यांत बाहेर वाटतो तेवढा फरक नाही.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात फाटकावर एसी लावून उभा होतो, इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. मी घाबरून २०डब्ल्यू-५० टाकून घेतलं. गाडी जड ओढायला लागली, अॅव्हरेज पडलं आणि काटा पुन्हा वरच. शेवटी पुढचा बंपर काढला तर एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे कापसाच्या बोंडांचा कचरा आणि धूळ मिळून गोधडी झाली होती. पाण्याच्या हलक्या धारेने धुतलं, काटा जागेवर आला. ऑइल पुढच्या वेळी परत पुस्तकातलं टाकलं.

रावेर, केळी बागायतदार

आमच्याकडे दोन गाड्या. घरची पेट्रोल, तिला शोरूमवाले काय टाकतात ते मी विचारत नाही. दुसरी जुनी पिकअप, तिचं विचारा. केळीचे घड भरले की गाडी कायम जास्तच भरते, हे खोटं कशाला सांगू. शिवारातल्या रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर असला तर दहा मिनिटं नुसता फुफाटाच खायचा. तिला पहिल्यापासून साधं १५डब्ल्यू-४०, डिझेलचं, दर ५ हजाराला. २ लाख ७० हजार झाले, इंजिन खोललेलं नाही.

मला विचाराल तर आमच्या भागात ऑइलचा वैरी ऊन नाही, माती आहे. एअर फिल्टर दर पंधरा दिवसांनी मी स्वतः काढतो. डब्याचं झाकण उघडलं की तळाला पिठासारखी माती, चिमटीत धरावी अशी. एकदा फिल्टरच्या रबराची कड नीट बसली नव्हती. पुढच्या पाइपात बोट फिरवलं तर बोटावर तीच माती. ती आत गेली की ऑइलच इंजिन घासायला लागतं, मग तुम्ही आठशे रुपये लिटरचं टाका की तीनशेचं. म्हणून महागडं ऑइल टाकून दहा हजार चालवण्यापेक्षा मी स्वस्तातलं पाच हजाराला फेकतो.

फेकतो म्हणजे काय, जळकं ऑइल आमच्याकडे फेकत कोणी नाही. वाळवीसाठी खांबाच्या बुडाला लावतात. मीही लावायचो. आता विहिरीजवळ तर अजिबात नाही, जमिनीत मुरलं की पाण्यात उतरतं. कॅन भरून गॅरेजला परत देतो.

धुळे, टुरिस्ट गाडी चालवतो

माझी सीएनजी गाडी, महिन्याला सहा-सात हजार पडतात. धुळे-नाशिक-मुंबई आणि मधूनमधून सुरत. माझा हिशोब सरळ आहे. साधं साडेतीन लिटर, साडेतीनशेने १२२५. फिल्टर २५०, मजुरी २००. झाले १६७५. दहा हजारात दोनदा, म्हणजे ३३५०. सिंथेटिक आठशेने २८०० आणि वरचे ४५०, म्हणजे ३२५०, एकदाच. खिशाला सारखंच. पण दुसऱ्यांदा गॅरेजला उभं राहण्यात माझी एक सुरतची फेरी जाते, ती कोण भरून देणार? म्हणून सिंथेटिक. रावेरच्या दादांचंही बरोबर, त्यांचा रस्ता वेगळा, माझा चौपदरी.

सीएनजीवाल्यांना एक सांगायचं. आपलं ऑइल सात-आठ हजारानंतरही मधासारखं दिसतं, कारण गॅसची काजळी नसते. त्यावर जाऊ नका. गॅसवर ऑइल न दिसता जुनं होतं, दाट व्हायला लागतं. मी एकदा 'अजून छान आहे' म्हणत १४ हजारांपर्यंत ओढलं. काढलं तेव्हा दिसायला ठीक होतं, पण बोटांत धरलं तर काकवीसारखी तार.

अमळनेर, शिक्षिका

माझा अनुभव उलटा आहे. घर ते शाळा दोन किलोमीटर, वर्षाला जेमतेम तीन हजार होतात. मला वाटलं, गाडी चालतेच किती, एकदा महागातलं सिंथेटिक टाकलं की दहा हजार, म्हणजे तीन वर्षं बघायला नको. दोन वर्षं खरंच बघितलं नाही.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत भावाने बॉनेट उघडलं आणि ऑइलचं झाकण फिरवून माझ्यासमोर धरलं. आतून पिवळट पांढरी साय. ताकावर लोणी येतं ना, तशीच, बोटाने खरवडता येईल इतकी. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली तर पातळी वरच्या खुणेच्या वर! मी खूश झाले, ऑइल कमीच झालं नाही म्हणून. तो म्हणाला, "ताई, वास घे." चक्क पेट्रोलचा वास.

झालं असं की दोन किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापतच नाही. ज्वलनातून आलेलं पाणी वाफ होऊन निघून जात नाही, थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली उतरतं, आणि सगळं ऑइलमध्ये साठत राहतं. कूलंट कमी होत नव्हतं, म्हणून हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग) फाटून कूलंट ऑइलमध्ये उतरल्याची भीती नव्हती, हे त्याने आधी तपासलं. ऑइल बदललं. आता दर वर्षी बदलते, किलोमीटर कितीही होवोत, आणि रविवारी गाडी पारोळ्यापर्यंत फिरवून आणते. घरचे म्हणतात, गाडीला व्यायाम.

मूळ साक्री, सध्या पुणे, वंगणाच्या धंद्यात

'सिंथेटिक' या शब्दावर थोडं. डब्यावर फुल सिंथेटिक असलं तरी आतलं बेस ऑइल, म्हणजे ज्यात बाकीची द्रव्यं मिसळतात ते मूळ तेल, बरेचदा ग्रुप ३ चं असतं, म्हणजे कच्च्या तेलातूनच काढलेलं, पण हायड्रोजनखाली तोडून, मेण-गंधक काढून साफ केलेलं. ग्रुप ४, म्हणजे पीएओ, हे रेणू जोडून मुद्दाम बनवलेलं. १९९९ मध्ये अमेरिकेत यावरून दोन कंपन्यांचा जाहिरातींचा वाद झाला आणि ग्रुप ३ ला सिंथेटिक म्हणायची वाट मोकळी झाली. रसातून गूळ निघतो आणि साखरही निघते, ऊस एकच. पण म्हणून दोन्ही सारखे नाहीत. ग्रुप ३ वाईट नाही, साध्यापेक्षा बरंच जास्त टिकतं. 'सेमी सिंथेटिक'चं मात्र विचारू नका, त्यात किती टक्के काय असावं याचं बंधनच नाही.

म्हणून मी पुढचा मोठा शब्द सोडून डब्याची पाठ वाचतो. ग्रेड, मग एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा दर्जा: पेट्रोलला एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनात कमी वेगावर जोर दिला की ठिणगीच्या आधीच स्फोट व्हायचा त्रास असतो, एसपीत त्याची चाचणी आहे. बीएस-६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचं ऑइलच, पुस्तकात एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांचा दर्जा) सी२ किंवा सी३ असं काहीतरी दिलेलं असतं. जास्त राखेचं टाकलं तर ती राख फिल्टरमध्ये अडकते आणि रिजनरेशनमध्येही, म्हणजे फिल्टर तापून काजळी जाळतो तेव्हाही, जळत नाही.

आणि साधं-सिंथेटिक मिसळलं तर दुधासारखं फाटतं, हा समज सोडा. एपीआयचं ऑइल दुसऱ्या एपीआय ऑइलमध्ये न बिघडता मिसळता आलं पाहिजे, असा नियमच आहे. रस्त्यात पातळी कमी झाली तर मिळेल ते टाकून घर गाठा.

चोपडा

घरच्या गाडीचं ०डब्ल्यू-२० अर्धा लिटर उरलं होतं, फुल सिंथेटिक, फुकट कशाला घालवायचं म्हणून बाईकमध्ये ओतलं. चौथ्या दिवशी चढावर एक्सलेटर दिला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवरच. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. बाईकच्या डब्यावर जासो (जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ बघायचं असतं, हे क्लच प्लेटचे पैसे देऊन कळलं.

चाळीसगाव

माझी पेट्रोल, १ लाख ६० हजारांची, जन्मभर साध्यावर. कन्नड घाट महिन्यातून चार वेळा चढते. सिंथेटिक टाकलं आणि महिनाभरात पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा डाग. सगळे म्हणाले, सिंथेटिकने सील खाल्लं. परत साधं टाकलं तरी डाग तसाच! टॅपेट कव्हरचं पॅकिंग काढलं तर लाकडासारखं कडक, हातात तुटलं. इतकी वर्षं तिथे जमलेला चिकट थरच बहुतेक गळती थोपवून बसला होता, नव्या ऑइलने तो धुऊन काढला. पॅकिंग बदललं, सिंथेटिकच चालू आहे.

शिरपूर

कोणी डुप्लिकेटबद्दल का बोलत नाही? हायवेवरच्या एका दुकानातून नावाजलेल्या ब्रँडचे दोन कॅन घेतले, शंभर-दीडशे स्वस्त पडले. ८०० किलोमीटरमध्ये गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला, टॅपेटचा टकटक आवाज. रेस केली की दिवा बंद. प्रेशर मोजलं, कमी. ऑइल काढलं तर पाण्यासारखं. घरी रिकामे कॅन होते म्हणून कळलं: झाकणाखालची सीलची पन्नी वाकडी चिकटवलेली, छपाईवर नख फिरवलं तर शाई निघाली. नशीब, बेअरिंग वाचलं. दुकानदार ओळख दाखवेना.

नंदुरबार

टर्बो पेट्रोल. तोरणमाळ चढून आलो की एक मिनिट आयडलला ठेवून मगच बंद. ताबडतोब बंद केली तर टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. सिंथेटिक ते जास्त सोसतं, म्हणून टर्बोला तरी कंजुषी नाही.

पाचोरा, गॅरेजवाला

सगळं वाचलं. पंचवीस वर्षांत माझ्याकडे जेवढी इंजिनं खोलायला आली, त्यात साध्या ऑइलने मेलेलं एकही नाही आणि सिंथेटिकने वाचलेलंही नाही. मेली ती ऑइल नसल्याने. लोक डिपस्टिक काढतच नाहीत. दुसरं, ऑइल नवं आणि फिल्टर जुना, 'पुढच्या वेळी बदलू' म्हणतात. तिसरं, खालच्या बोल्टचा वॉशर. दहा-वीस रुपयांची चकती, नवी टाकली नाही की ठिबक सुरू.

डिझेलवाले हजार किलोमीटरनंतर येतात, 'भाऊ, ऑइल काळं पडलं, खराब निघालं.' माझा बाप यावर एवढंच म्हणायचा, "काळं व्हयनं म्हनजे काम करी राह्यनं." काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. डिझेलचं ऑइल पाच हजारानंतरही सोनेरी दिसलं तर मला शंका येते.

जळगावच्या दादा, तुमच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० आहे ना? मग आमच्या मेकॅनिक भावाचं थोडं बाजूला ठेवा. ऊन आम्हा सगळ्यांच्याच तोंडात बसलंय.

जळगाव (धागा काढणारा)

काल ५डब्ल्यू-३० सिंथेटिक टाकलं. मुलगा म्हणतो म्हणून नाही, त्या ग्रेडमध्ये दुकानात साधं मिळालंच नाही! शिरपूरचं वाचून बिल घेतलं, सीलची पन्नी माझ्यासमोर फोडायला लावली, आणि रिकाम्या कॅनला स्क्रू ड्रायव्हरने भोकं पाडली. मेकॅनिक बघतच राहिला. "काका, तो कॅन मी पाणी भरायला नेणार होतो," म्हणाला. वॉशर नवा, फिल्टर नवा. झाकण उघडून आत बघितलं, साय नाही.

अमळनेरच्या ताई, पारोळ्यापर्यंतचा फेरा पुरतो का हो? आमची सौ. पण तुमच्यासारखीच, घर ते बाजार. तिच्या गाडीचं झाकण उघडायची अजून हिंमत झाली नाही.

अमळनेर, शिक्षिका

पुरतो. अर्धा तास सलग चालली पाहिजे, तेवढंच. झाकण मात्र आजच उघडा, आणि त्यांच्यासमोर उघडा.