10 आठवड्यांच्या सोनोग्राफीत आतडं नाळेत दिसतंय, हा बिघाड आहे का?

उपकेंद्र सिस्टर, धारणी
पाळीपासून 10 आठवडे झालेत. रिपोर्टात लिहिलंय, 'आतड्याचा भाग नाळेच्या मुळाशी'. घरचे घाबरलेत, गर्भ पाडायचं बोलतात. आतडं पोटाबाहेर तयार होतं का? त्यांना काय सांगू?

शरीररचना विभाग, नागपूर
सिस्टर, या वेळी ते तिथेच असायला पाहिजे. एक हिशेब लक्षात ठेवा: सोनोग्राफी पाळीपासून मोजते, गर्भविज्ञानाची पुस्तकं गर्भधारणेपासून. फरक 2 आठवड्यांचा. मी पाळीपासूनचेच आठवडे सांगतो.

6व्या आठवड्यात आतडं म्हणजे जवळपास सरळ नळी. पुढे ती झपाट्यानं लांब होते, पण पोटातली जागा यकृतानं अडवलेली असते. म्हणून 8व्या आठवड्यात मधल्या आतड्याचं वेटोळं नाळेत शिरतं. तिथे ते आपल्याच रक्तवाहिनीभोवती 90 अंश फिरतं, समोरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट. 12व्या आठवड्याच्या सुमारास आत येताना आणखी 180. लहान आतडं आधी येऊन डावीकडे बसतं. अपेंडिक्सकडचा भाग सर्वांत शेवटी येतो, आधी यकृताखाली, मग उजव्या बाजूला खाली.

रेडिओलॉजिस्ट
रिपोर्टात सीआरएल बघा, म्हणजे गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. 10 आठवड्यांना ती 30-35 मिमी असते. 45 मिमीच्या वर गेल्यावरही आतडं बाहेरच असेल, तर शंका घ्या. नाळेत यकृत दिसलं, तर ते कोणत्याच आठवड्यात नॉर्मल नाही. 13 आठवडे भरल्यावर परत सोनोग्राफी करा. आजच्या रिपोर्टावर गर्भ पाडायचा विचारसुद्धा नको.

सिस्टर
आणि आत आलं, पण नीट फिरलंच नाही तर?

बालशल्यचिकित्सक
ते सोनोग्राफीत सहसा कळत नाही, म्हणूनच त्याची जास्त भीती. आतड्याला मागच्या भिंतीशी धरणाऱ्या पडद्याचं मूळ अरुंद राहतं, सगळं आतडं त्याभोवती पीळ खातं, रक्त थांबतं. काही तासांत आतडं काळं पडतं.

खूण एकच: लेकराची हिरवी उलटी. फाटलेल्या दुधासारखी पांढरी-पिवळी नाही, पालकाच्या रसासारखी हिरवीगार. बहुतेकदा पहिल्या महिन्यात होते, आणि सुरुवातीला पोट मऊ असतं, त्यावरच माणूस फसतो. गुटी, पोटाला चटके, 'उद्या बघू' यातलं काहीच नको. अंगावरचं दूध बंद, नाकातून 8 नंबरची नळी टाकून पोट रिकामं करा, सलाईन लावा, लेकरू गरम गुंडाळा आणि 108 बोलवा. बालशस्त्रक्रिया जिथे होते तिथेच सरळ पाठवा, निघायच्या आधी तिथे फोन करा.