मदत हवी आहे: एडिसन-जर्सी सिटीचा जनगणना नकाशा राखाडीच राहतोय

चाफा: अमेरिकेतल्या न्यू जर्सीत भारतात जन्मलेले लोक कुठल्या वस्त्यांत राहतात आणि तिथलं उत्पन्न किती, असा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये करतेय. आकड्यांची आणि सीमांची अशा दोन फायली जोडल्या तर सगळा नकाशा राखाडी. उद्या दाखवायचाय, लवकर सांगा.

भटक्या: कुठलं वर्ष? काउंटी (जिल्हा) की ट्रॅक्ट (जनगणनेचा छोटा विभाग)? टेबल कुठलं? काहीच न सांगता कसं कळणार?

पारिजात: क्यूजीआयएस सोडा. 'आर' या प्रोग्रामिंग भाषेतलं टायडीसेन्सस पॅकेज घ्या, आकडे आणि सीमा एकत्रच येतात.

चाफा: 'आर' येत नाही आणि आज शिकायला वेळही नाही. ट्रॅक्ट हवेत, मिडलसेक्स आणि हडसन काउंटीतले. एसीएसची (अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, जनगणना विभागाचं सर्वेक्षण) टेबलं बी०५००६ (जन्मदेश) आणि बी१९०१३ (मध्यक उत्पन्न).

नानाकाका: त्यापेक्षा भाषेवरून काढ ना. आपली मराठी मंडळी कुठे आहेत ते तरी कळेल.

भटक्या: काका, ट्रॅक्टला मराठी वेगळी मिळत नाही, 'इतर इंडो-युरोपीय'मध्ये जाते. मोठ्या भागांच्या टेबलातही नेपाळी, मराठी आणि इतर भारतीय भाषा एकाच रकान्यात आहेत. चाफा, तुमच्या आकड्यांतला जीईओ_आयडी, म्हणजे ट्रॅक्टचा ओळख क्रमांक, '१४०००००यूएस'ने सुरू होतो, सीमांच्या फायलीत तो नुसता ३४०२३... असा असतो. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये राइट फंक्शन वापरून शेवटचे ११ अंक घ्या. रकाना टेक्स्टच ठेवा.

सुगरण: मध्यक उत्पन्नावर विसंबू नका. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या दुकानांत, हॉटेलांत राबणारी, खोल्या वाटून राहणारी माणसं त्या एका आकड्यात दिसतच नाहीत. बी१९०८३मधला गिनी निर्देशांकही (उत्पन्नातली विषमता मोजणारा) दाखवा.

पारिजात: ट्रॅक्टला गिनी? नमुना इतका लहान असतो की मार्जिन ऑफ एररच (अंदाजातली संभाव्य चूक) आकडा खाऊन टाकतं.

सुगरण: मग ते मार्जिनही छापा. विषमता लपवणारा नकाशा काय कामाचा?

नानाकाका: मुंबईचा असा नकाशा कुणीतरी करायला हवा. पण २०११च्या जनगणनेत स्थलांतराचे तक्ते वॉर्डनिहाय मिळत नाहीत.

चाफा: भटक्या, जुळलं! पण जर्सी सिटीतले बरेच ट्रॅक्ट अजून कोरे आहेत.

भटक्या: वर्ष अजूनही सांगितलं नाहीत.

चाफा: आकडे २०१५-१९चे, सीमा २०२३च्या.

भटक्या: मग तेच. २०१९पर्यंतचे आकडे २०१०च्या ट्रॅक्टवर आहेत. २०२०मध्ये बरेच ट्रॅक्ट तोडले, क्रमांक बदलले. २०१९च्या सीमा उतरवा. काळानुसार तुलना हवी असेल तर एनएचजीआयएस या संग्रहाचे क्रॉसवॉक (जुने-नवे ट्रॅक्ट जुळवणारे तक्ते) लागतील, ते उद्यापर्यंत होणार नाही.