दारावर डकवलेलं समन्स म्हणजे सुनावणीची संधी?

भतग्रामकर :
आमच्या वाड्यावरच्या एका बंद घरावर दिवाणी दाव्याचं समन्स डकवून बेलिफ, म्हणजे कोर्टाचा समन्स पोचवणारा शिपाई, निघून गेला. मालक बोटीवर, बायकामुलं लंडनला. हे साऱ्या वाड्याला ठाऊक, वादीलाही. तरी दावा एकतर्फी, म्हणजे मालकाला न ऐकताच, चालला आणि हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, झाला. मला हा अन्याय वाटतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मधला नियम २५ सांगतो की प्रतिवादी परदेशात असेल आणि इथे त्याचा मुखत्यार नसेल, तर समन्स तिथल्या पत्त्यावर पाठवा. नियम ९ मध्ये कुरिअर, ईमेलही आहे. एवढं असताना कुलपाला कागद का दाखवायचा?

अंत्रुजकर :
अजिबात पटलं नाही. वडिलांनी हद्दीचा दावा घातला तेव्हा प्रतिवादी घरातच असायचा, बेलिफ दिसला की मागच्या दाराने भाटात, माडांच्या बागेत. अशांसाठीच समन्स दारावर डकवायची मुभा देणारे, त्याच आदेश ५ मधले नियम १७ आणि २० आहेत. आमच्या बाजूचे साक्षीदार वारले, दावा तिथेच. संधी दिली की कोर्टाचं काम झालं, ती घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने बघावं. शिवाय आदेश ९ नियम १३ खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो. मुदत ३० दिवस, आणि समन्स रीतसर बजावलंच नसेल तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. आणखी काय हवं?

भतग्रामकर :
कळेपर्यंत जमीन तिसऱ्याला विकलेली असते, हे हवं तर बघा. आणि "तुम्हाला आधीच कळलं होतं" यावर वेगळं भांडण. पळणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण नियम १७ आधी नीट शोध घ्यायला सांगतो. शेजारी विचारलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. नियम १९ प्रमाणे समन्स रीतसर बजावलं की नाही हे न्यायाधीशांनी ठरवायचं असतं. बेलिफचा अहवाल वाचून दोन प्रश्न तरी विचारा, एवढंच मागणं आहे.

मांडवीकाठ :
समन्स हातात पडलेल्यांचंही ऐका. आमच्याकडे गोव्यात दिवाणी कोर्टाचा कारभार इंग्रजीत. विधवा बाई तो कागद घेऊन दारोदार फिरते, आणि कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायचे ३० दिवस त्यातच जातात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे समन्सवरच मराठी-कोंकणीत छापा. ज्या सुनावणीत काय चाललंय तेच कळत नाही, तिला मी सुनावणी म्हणणार नाही.

अंत्रुजकर :
छापायला हरकत नाही, ताई, उद्याच छापा. पण कैफियतीची मुदत ९० दिवसांपर्यंत वाढते, आणि साध्या, म्हणजे व्यापारी नसलेल्या, दाव्यात तीही अगदी पक्की नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच म्हटलं. ही ढील हुशार वकील वापरतात, तुमची विधवा नव्हे. वादीलाही ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे, आणि तो जिवंतपणी हवा.

भतग्रामकर :
मग ढील फुकट देऊ नका. आदेश ९ नियम १३ खाली हुकूमनामा रद्द करताना कोर्ट खर्चाची अट घालू शकतं. मुद्दाम टाळणाऱ्याकडून तो जबर वसूल करा. पण ज्याला कळवलंच नाही, त्याच्याकडून एक पैसाही मागू नका.

अंत्रुजकर :
खर्चाचं मान्य. मात्र कोण टाळत होता हे पहिल्याच तारखेला ठरवा, नाहीतर हुकूमनामा रद्द करायच्या अर्जावरच दोन वर्षं जातील.